तापाचे झाड

शिमोन पेत्राची सासू तापाने आजारी होती ही घटना मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी नोंदवली आहे. मत्तय व मार्क यांच्या वृत्तांतात प्रभू तिच्या हाताला धरतो आणि ताप निघून जातो. लूक मात्र दोन गोष्टी अधिक सांगतो. हा ताप ‘मोठा’ होता असे तो म्हणतो, आणि प्रभूने त्या तापाला धमकावले असेही लिहितो. परंपरेने लूकला वैद्य मानले आहे. ग्रीक वैद्यकात तापाचे मोठा व लहान असे भेद केले जात, तेव्हा पहिल्या शब्दात वैद्याची नजर दिसते. दुसरा शब्द त्या काळचा आहे. ज्याला धमकावता येते तो कोणीतरी असावा लागतो; आणि ताप हा बाहेरून येऊन माणसाच्या अंगात ठाण मांडून बसणारा कोणीतरी आहे, अशीच सर्वसामान्यांची समजूत होती.

आपल्याकडे तरी काय निराळे होते? चरकसंहितेच्या निदानस्थानातील पहिला अध्याय ज्वराचा आहे, आणि दक्षाच्या यज्ञाच्या वेळी रुद्राच्या क्रोधातून ज्वर उत्पन्न झाला अशी कथा त्या ग्रंथात येते. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी देवतांच्या क्रोधाच्या जागी रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचा बिघाड मानला. त्यांचे निदान चुकले. पण त्यांनी एक काम चोख केले, ते म्हणजे दिवस मोजले. रोज येणारा ताप, एक दिवस आड येणारा ताप, दोन दिवस आड येणारा ताप, अशी त्यांनी केलेली वर्गवारी आजही टिकून आहे. आमच्या आजीच्या पिढीला हिप्पोक्रेटिस ठाऊक नव्हता, पण ‘एकांतरा’ ठाऊक होता, ‘एकवीस दिवसांचा ताप’ ठाऊक होता, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला महाराष्ट्राने ‘मानमोडी’ असे नाव दिले होते. ही सारी नावे तापाच्या वागणुकीवरून पडली आहेत. त्याचे कारण सांगणारे नाव त्यांत एकही नाही.

ताप हाच रोग, ही समजूत मोडायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. ती मोडण्यास एका झाडाची साल मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली, आणि त्या सालीच्या इतिहासात ख्रिस्तसभेचा, विशेषतः येशूसंघीयांचा, हात आहे. तो इतिहास आमच्या वाचकांपैकी अनेकांनी अर्धवट ऐकलेला असतो. तो पुरता सांगण्यासारखा आहे.

प्रथम रोमकडे वळू. रोम हे ख्रिस्तसभेचे केंद्र आणि त्याच वेळी हिवतापाचे माहेरघर होते. शहराभोवतीच्या दलदलीच्या सपाट प्रदेशातून उन्हाळ्याच्या अखेरीस ताप वर येई. हा ताप दूषित हवेने होतो असा इटालियन लोकांचा समज. ‘माल आरिया’ म्हणजे वाईट हवा, आणि त्यावरूनच मलेरिया हा शब्द निघाला. १५९० च्या ऑगस्टमध्ये पोप पाचवे सिक्स्टस तापाने निवर्तले. त्यांच्या जागी १५ सप्टेंबरला पोप सातवे अर्बन निवडले गेले आणि २७ सप्टेंबरला तेही तापानेच गेले. त्यांचा राज्याभिषेकही झाला नव्हता. इतकी अल्प कारकीर्द दुसऱ्या कोणत्याही पोपची नाही. १६२३ च्या उन्हाळ्यातील निवडणुकीच्या वेळी बंद दालनांत जमलेले कार्डिनल तापाने आजारी पडले, आणि निवडून आलेले पोप आठवे अर्बन स्वतःच अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांचा राज्याभिषेक २९ सप्टेंबरपर्यंत लांबला. पोपांच्या दिमतीला युरोपातील नाणावलेले वैद्य असत. त्यांच्या हाती उपाय एवढेच: शीर तोडून रक्त काढणे, जुलाब देणे आणि वाट पाहणे.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे, पेरूच्या व्हाइसरॉयच्या राज्यात, आजच्या इक्वेडोरमधील लोहा परगण्याच्या डोंगरात तापावर गुणकारी अशी एक कडू साल वापरली जात होती. ऑगस्टिनियन धर्मगुरू आंतोनियो दे ला कालांचा यांनी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या ‘तापाच्या झाडा’ची नोंद केली आहे. साल दळून तिचे चूर्ण पेयातून देतात आणि त्याने ताप जातो, असे ते लिहितात. तिचा गुण मूळ रहिवाशांना किती पूर्वीपासून ठाऊक होता यावर पंडितांत वाद आहेत. परंतु त्या डोंगरातून ती साल सोलून आणणारे हात स्थानिक माणसांचेच होते, यात वाद नाही.

येथे एक गोड दंतकथा आडवी येते. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, तापाने मरणोन्मुख झाली. तिला ही साल दिली. ती बरी झाली आणि तिने साल स्पेनला नेऊन गोरगरिबांना वाटली. जिनोआचे सेबास्तियानो बादो यांनी १६६३ साली ही कथा छापली आणि तिच्यावर भाळून लिनियसने १७४२ साली झाडाच्या जातीला काउंटेसचे नाव दिले. ते देताना त्याच्याकडून एक अक्षर गळले आणि ‘चिंचोना’चे ‘सिंकोना’ झाले. पुढे, १९४१ साली, व्हाइसरॉयच्या चिटणीसाची दैनंदिनी बारकाईने तपासली गेली तेव्हा काउंटेसच्या अशा आजाराचा तिच्यात मागमूसही नव्हता. काउंट वारंवार तापाने आजारी पडत, त्यांचे रक्त काढले जाई, सालीचा उल्लेख नाही. बिचारी काउंटेस स्पेनला पोहोचलीच नाही. परतीच्या प्रवासात १६४१ साली कार्ताहेना येथे तिचा अंत झाला. दंतकथा गेली, झाडाचे नाव मात्र तेच राहिले.

साल युरोपात आणण्याचे श्रेय परंपरा लिमा येथील सॅन पाब्लो महाविद्यालयाच्या औषधशाळेचे प्रमुख, येशूसंघीय धर्मबंधू आगुस्तिनो सालुम्ब्रिनो यांना देते. ते धर्मगुरू नव्हते, धर्मबंधू होते. प्रवचने न देता आयुष्यभर खल-बत्ता चालवला. १६३० नंतर लवकरच रोमला जाणाऱ्या संघबंधूंबरोबर साल जाऊ लागली आणि तेथे तिला एक खंदा पुरस्कर्ता मिळाला. स्पेनचे येशूसंघीय ईशज्ञानी हुआन दे लुगो १६४३ साली कार्डिनल झाले. त्यांनी पोपच्या वैद्याकडून सालीची पारख करवून घेतली, स्वतःच्या पैशाने ती विकत घेतली आणि रोमच्या गरिबांना फुकट वाटली. रोमन कॉलेजच्या औषधशाळेने १६५० च्या सुमारास एक छापील पत्रक काढले. किती वजनाचे चूर्ण घ्यावे, ते मद्यात किती वेळ भिजवावे आणि थंडी भरू लागताच कसे प्यावे, याचा खुलासा त्यात होता. औषधाच्या खोक्यात आज जो घडीचा कागद सापडतो, त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

परंतु औषध कोणाच्या हातून येते यावरही त्याचा स्वीकार अवलंबून असतो. ‘येशूसंघीयांची भुकटी’ या नावानेच अर्धा युरोप बिथरला. प्रोटेस्टंट देशांत ती पोपधर्मीयांचे विष ठरली. ऑलिव्हर क्रॉमवेलने, एक दिवस आड येणाऱ्या तापाने ग्रासला असताना, ती नाकारली व म्हणून १६५८ साली तो मेला असे सांगतात. या कथेलाही भक्कम आधार नाही, पण ती लोकांना पटत असे हेच बोलके आहे. कॅथलिक वैद्यांनाही साल पचली नाही. गेलनच्या मते ताप उतरायचा तर दूषित द्रव बाहेर पडला पाहिजे. ही साल काहीच बाहेर न काढता ताप उतरवते, म्हणजे दोष आतच दडपते, असा त्यांचा आक्षेप. पंथाचा अभिमान आणि पुस्तकी विद्येचा अभिमान येथे एकमेकांच्या मदतीला आले. आमच्या मते त्यांपैकी दुसरा अधिक घातक ठरला, कारण तो सर्व पंथांत सारखाच होता.

या गोंधळाचा फायदा इंग्लंडच्या रॉबर्ट टॅल्बर नावाच्या हिकमती माणसाने घेतला. १६७२ साली त्याने तापावर पुस्तक लिहून येशूसंघीयांच्या भुकटीपासून सावध राहा असा लोकांना इशारा दिला आणि आपले स्वतःचे गुप्त औषध विकू लागला. त्याने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा ताप उतरवला, फ्रान्सच्या युवराजाचा उतरवला. चौदाव्या लुईने ते गुपित मोठ्या रकमेला विकत घेतले आणि टॅल्बरच्या मृत्यूनंतर १६८२ साली ते प्रसिद्ध झाले. औषध होते मद्यात मुरवलेली सिंकोनाची साल!

आशियात मात्र सालीने येशूसंघीयांची लाज राखली. १६९३ साली चीनचा सम्राट कांगशी तापाने आजारी पडला. पाद्री फोंतने आणि पाद्री व्हिस्देलू यांनी पाँडिचेरीहून आलेली साल पुढे केली. दरबारातील लोकांवर प्रयोग झाल्यावरच सम्राटाने ती घेतली, आणि बरा झाल्यावर पेकिंगच्या शाही आवारात येशूसंघीयांना जागा दिली. तेथे उत्तरेचे चर्च उभे राहिले. आपल्या भूमीवरून गेलेली ती साल दीडशे वर्षे आधी आली असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. चीनच्या दारात, सांचियान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर झोपडीत तापानेच गेले. त्यांचा ताप कोणत्या जातीचा होता हे आज सांगणे शक्य नाही, आणि प्रत्येक तापावर साल चालतही नाही.

नेमके हेच सत्य सालीने जगाला शिकवले. मोदेना येथील वैद्य फ्रान्चेस्को तोर्ती यांनी १७१२ साली तापांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एका चित्रात एक झाड आहे. झाडाच्या काही फांद्या सालीने झाकलेल्या आहेत, तर काही निष्पर्ण व उघड्याबोडक्या आहेत. झाकलेल्या फांद्या म्हणजे सिंकोनाने बरे होणारे ताप. उघड्या म्हणजे तिला दाद न देणारे. चित्र पाहून हसू येते, पण वैद्यकाच्या इतिहासात त्याचे मोल फार आहे. सगळे ताप जर एकाच बिघाडातून निर्माण होत असते, तर एका औषधाने सगळेच उतरायला हवे होते. ते उतरत नाहीत, त्या अर्थी ताप एक नाही, अनेक आहेत. आणि अनेक आहेत त्या अर्थी प्रत्येकाच्या मुळाशी काही वेगळे असले पाहिजे. ते वेगळे काय, हे तोर्तींना ठाऊक नव्हते. पण प्रश्न बरोबर विचारला गेला होता.

प्रश्न सुटायला दोन साधने लागली, तापमापक आणि सूक्ष्मदर्शक. पादुआचे सांतोरियो यांनी सतराव्या शतकाच्या आरंभीच तापमापकाचे ओबडधोबड रूप रुग्णाच्या तोंडात धरून पाहिले होते, परंतु पुढे अडीचशे वर्षे वैद्य आपला तळहातच कपाळावर टेकवीत राहिले. लाइपझिगचे कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांचे तापमान पुन्हा पुन्हा नोंदवून १८६८ साली आपला ग्रंथ छापला. त्यांचा तापमापक हातभर लांबीचा, आणि काखेत पंधरावीस मिनिटे धरून ठेवावा लागे! इंग्लंडचे क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याच सुमारास तो सहा इंचांवर आणला. वुंडरलिश यांनी तापाचे आलेख काढले आणि प्रत्येक रोगाची चढउताराची स्वतःची रेघ असते हे दाखवले. विषमज्वर पायरीपायरीने चढतो, हिवताप उसळी मारून येतो आणि घाम फोडून जातो. ताप ही आता गोष्ट राहिली नाही, मोजमाप झाले. घरोघरी पाठ असलेला ९८.६ अंशांचा आकडा त्यांचाच. मात्र तो देवाज्ञा नव्हे; १९९२ साली अमेरिकेत निरोगी माणसांची काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा सरासरी ९८.२ निघाली, आणि सकाळी कमी व संध्याकाळी जास्त हा फरक तर धडधाकट माणसातही असतो.

सूक्ष्मदर्शकाची कथा शाळेच्या पुस्तकातून परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांना हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात हलणारा जीव दिसला. त्याच वर्षी एबर्ट यांनी विषमज्वराचा जंतू पाहिला. १८९७ च्या २० ऑगस्टला सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनोफेलीस डासाच्या जठरात हिवतापाच्या परजीवीची वाढ आढळली. पुढच्या वर्षी इटलीत ग्रासी व त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या हिवतापाचे चक्र सिद्ध केले. वाईट हवेवरचा आरोप तिच्याच देशात रद्द झाला. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याच्या रक्तावर तो डास पोसला गेला त्या रुग्णाचे नाव हुसेन खान. दर डासाच्या चाव्यामागे त्याला एक आणा मिळे. त्याचे नाव तरी उरले, हे विशेष. सिंकोनाच्या बाबतीत बोलिव्हियाच्या मान्वेल इन्क्रा मामानीचे नाव कोण घेतो? त्याने गोळा केलेले उत्तम प्रतीचे बी त्याच्या इंग्रज धन्याने, चार्ल्स लेजरने, १८६५ साली डचांना विकले. त्यावर जावा बेटातील मळे फुलले आणि जगाचे क्विनीन डचांच्या मुठीत गेले. बी परदेशी दिल्याबद्दल मामानीला तुरुंगात टाकून मारहाण झाली आणि त्यातच तो गेला. येशूसंघीयांच्या सालीचा अभिमान बाळगताना आपण या माणसालाही त्या इतिहासात जागा दिली पाहिजे.

क्विनीन हे सालीतले सत्त्व. पॅरिसच्या पेलेतिए आणि काव्हांतू यांनी ते १८२० साली वेगळे केले. आपल्याकडील जुनी माणसे त्याला ‘कोयनेल’ म्हणत आणि तोंड वाकडे करीत. इंग्रजांनी १८६० नंतर निलगिरीत व दार्जिलिंगच्या डोंगरात सिंकोनाची लागवड केली. मुंबईत मात्र लढाई झाडाऐवजी विहिरीशी झाली. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले की, शहरातील हिवतापाचे डास दलदलीत नव्हे, तर घरांच्या अंगणातील स्वच्छ पाण्याच्या विहिरींत वाढतात. विहिरी झाकण्याचे व बुजवण्याचे हुकूम निघाले आणि धार्मिक कारणांवरून मोठा विरोध झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याची पूजा केली त्यातच ताप आहे, हे कोणाला कसे पटावे? बावखले आणि विहिरी ज्यांच्या अंगणात आहेत, अशा आमच्या वसईच्या वाचकांना त्या लोकांची अवस्था कळेल. स्वातंत्र्यानंतर, १९५३ पासून, देशभर डीडीटीची फवारणी झाली. १९६५ पर्यंत रुग्ण वर्षाला सुमारे एक लाखावर आले, आपण निर्धास्त झालो, आणि १९७६ साली तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

तापाचे कारण कधीकधी ज्यावर संशय घ्यावासा वाटत नाही अशा वस्तूत दडलेले असते, याचे आणखी एक उदाहरण माल्टा बेटाचे आहे. प्रेषितांच्या कृत्यांत, जहाज फुटल्यावर संत पौल ज्या बेटावर उतरतो ते हेच. तेथे पुब्ल्याचा बाप ताप व आव यांनी पडलेला असतो आणि पौल त्याच्यावर हात ठेवून त्याला बरे करतो. एकोणिसाव्या शतकात तेथील ब्रिटिश सैनिक महिनोन्‌महिने चढउतार होणाऱ्या ‘माल्टा तापा’ने जर्जर होत. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली जंतू शोधला, पण तो येतो कोठून हे अठरा वर्षे समजेना. १९०५ साली माल्टाचेच डॉ. झम्मित यांना तो दिसायला निरोगी अशा शेळ्यांच्या रक्तात सापडला. त्यांचे न उकळलेले दूध सैनिक पीत होते. दूध बंद केल्याबरोबर सैन्यातील ताप जवळजवळ थांबला.

तर मग ताप म्हणजे काय? आजचे शास्त्र सांगते की तो शत्रू नव्हे, पहारेकऱ्याची आरोळी आहे. जंतूंची चाहूल लागताच रक्तातील संरक्षक पेशी काही द्रव्ये सोडतात. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या तापमान-नियामक केंद्रापर्यंत निरोप नेतात आणि ते केंद्र शरीराच्या उष्णतेची पातळी वर नेऊन ठेवते. शरीर त्या नव्या पातळीपेक्षा थंड असल्यामुळे त्याला थंडी भरते, दात वाजतात, गोधड्यांवर गोधड्या लागतात. पातळी उतरली की घाम फुटतो. १९७५ साली अमेरिकेत वाळवंटी इग्वानांवर एक प्रयोग झाला. हा सरड्यासारखा प्राणी स्वतः उष्णता निर्माण करू शकत नाही. जंतू टोचलेल्या इग्वानांपैकी ज्यांना उबेत ठेवले ते अधिक संख्येने जगले, थंडीत ठेवलेले बहुतेक मेले. व्हिएन्नाचे वाग्नर-याउरेग यांनी तर १९१७ पासून उपदंशाने मेंदू बिघडलेल्या रुग्णांना मुद्दाम हिवताप देऊन त्या तापाने त्यांचा रोग हटवला, आणि नंतर क्विनीनने हिवताप उतरवला! त्याबद्दल १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज असे कोणी करणार नाही आणि करूही नये.

हा सारा इतिहास सांगण्याचे कारण आमच्या नित्याच्या कामात आहे. आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी आम्हांला बोलावणे येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले की हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नाही. तरीही अनेक घरे शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात. याच्या उलट काही घरांत आम्ही पोहोचतो तेव्हा रुग्ण चार-पाच दिवस तापलेला असतो आणि डॉक्टरांनी त्याला अजून पाहिलेलेही नसते. दुकानातून आणलेल्या गोळ्या उशाशी असतात. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला, असे मानले जाते. दोन हजार वर्षांपूर्वीची तीच समजूत, ताप हाच रोग! बेन सिराच्या पुस्तकात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, आणि प्रार्थनेबरोबर वैद्यालाही त्याची जागा द्या, असेही. आमच्या आधी डॉक्टर येऊन गेलेले असले तर आम्हांला मुळीच राग येत नाही.

साधा विषाणूजन्य ताप विश्रांतीने, भरपूर पाण्याने व पॅरासिटामोलच्या योग्य मात्रेने दोन-तीन दिवसांत ओसरतो. त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही. पण तीन महिन्यांहून लहान बाळाचे अंग १००.४ अंशांवर गेले तर एक रात्रही थांबू नये. फीट येणे, मान ताठणे, धाप लागणे, गुंगी येणे वा असंबद्ध बोलणे, पाणी पोटात न ठरणे, लघवी फार कमी होणे, अंगावर रक्ताचे ठिपके दिसणे, यांपैकी काही झाले तर तापमापकावरचा आकडा कितीही असो, रुग्णालय गाठावे. गर्भवती, मधुमेही, वृद्ध, कर्करोगावर उपचार घेणारे यांनी तीन दिवसांची वाटही पाहू नये. थंडी वाजून ताप आला असेल तर रक्त तपासून घ्यावे. हिवताप आहे की नाही हे कपाळाला हात लावून कळत नाही. डेंगीची तऱ्हा तर फसवी आहे. त्यात ताप उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात, नेमक्या त्याच वेळी पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त अशी धोक्याची चिन्हे उमटू शकतात. डेंगीचा संशय असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढतो. पावसाळ्यात शेतातून किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली ती याच वाटेने. आणि कडक उन्हात काम करून कोणी तापला व बरळू लागला, तर तो ताप नव्हेच, उष्माघात आहे. तेथे पॅरासिटामोलचा उपयोग नाही. अंगावर पाणी मारीत, वारा घालीत त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सिंकोनाचा मान आता दुसऱ्या वनस्पतीकडे गेला आहे. चीनच्या तू यूयू यांनी चौथ्या शतकातील एका वैद्यकीय पोथीतून सूचना घेऊन १९७० नंतरच्या काही वर्षांत गोड दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन मिळवले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगभर हिवतापावर मुख्य औषधे त्यापासूनच बनतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये हिवतापाच्या पहिल्या लशीची आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसरीची शिफारस केली. ही दुसरी लस ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तयार केली असून तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या बाळांना ती प्रथम नित्याच्या लसीकरणात देण्यास सुरुवात झाली. लशीचा परिणाम वाढावा म्हणून तिच्यात एक साहाय्यक द्रव्य मिसळावे लागते. ते साबणासारखा फेस देणाऱ्या क्विलाया नावाच्या एका झाडापासून काढतात. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचे, आणि औषधी भाग म्हणजे त्याची साल.